ऑस्ट्रेलियात राज्य सरकार पडतं, तेव्हा आमदार कुठे असतात?

जून २०२५. टास्मानियाच्या विधानसभेत मुख्यमंत्री जेरेमी रॉकलिफ यांच्यावर अविश्वास प्रस्ताव आला. सभागृह ३५ जणांचं. बाजूने १७, विरोधात १७. मग अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत टाकलं आणि सरकार एका मताने हरलं. मी मेलबर्नला राहते, टास्मानिया आमच्या दक्षिणेला, समुद्रापलीकडे. रविवारी सांगलीला फोन केला तेव्हा सहज हे बाबांच्या कानावर घातलं, तर त्यांचा आवाजच बदलला.

"मग? कुठल्या रिसॉर्टला नेलेत आमदार?"

कुठल्याच नाही, म्हटलं. आपापल्या घरी आहेत.

"अगं, असं कसं? अध्यक्ष कुणाचा होता?"

विरोधी पक्षाचा.

"विरोधी पक्षाचा अध्यक्ष? आणि राज्यपाल काय करतायत?"

वाट बघतायत.

बाबांना वाटलं, मला नीट माहिती नाही. खरं सांगायचं तर नव्हतीच. नागरिकत्व घेतल्यावर मी इमानेइतबारे मतदान करत होते, पण कागदावर आकडे लिहून आल्यावर पुढे काय होतं ते कधी खोलात पाहिलं नव्हतं. बाबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून बघायला लागले.

आधी थोडी मांडामांड. ऑस्ट्रेलियात सहा राज्यं: न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया. शिवाय स्वतःची विधानसभा असलेले दोन प्रदेश, नॉर्दर्न टेरिटरी आणि कॅनबेरा शहराभोवतीचा राजधानी प्रदेश. राज्याच्या प्रमुखाला इथे प्रीमियर म्हणतात. गंमत म्हणजे प्रदेशांच्या प्रमुखांना मात्र शब्दशः चीफ मिनिस्टर. मी सगळ्यांना मुख्यमंत्रीच म्हणणार आहे. शाळा, सरकारी दवाखाने, पोलीस, लोकल गाड्या, रस्ते हे सगळं राज्याकडे. कोविडच्या काळात राज्यांनी एकमेकांच्या सीमासुद्धा बंद केल्या होत्या, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की मुख्यमंत्री हे केवढं प्रकरण आहे. मोठे पक्ष दोन. एक लेबर, म्हणजे कामगार संघटनांतून आलेला. दुसरा लिबरल, जो नावाने उदार असला तरी इथला उजवा पक्ष आहे. त्याच्या जोडीला ग्रामीण भागातला नॅशनल पक्ष. क्वीन्सलँडमध्ये हे दोघे विलीन होऊन एकच पक्ष झाला आहे.

तारखेपासूनच आपल्यापेक्षा वेगळं सुरू होतं. व्हिक्टोरियात दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी निवडणूक होते. हे कायद्यातच लिहिलेलं आहे. २०२२ ला २६ नोव्हेंबर होता, पुढची २८ नोव्हेंबर २०२६. न्यू साउथ वेल्समध्ये मार्चचा चौथा शनिवार, क्वीन्सलँडमध्ये ऑक्टोबरचा शेवटचा. हवा बरी दिसली म्हणून सहा महिने आधी निवडणूक उरकून घ्यायची, ही चैन मुख्यमंत्र्यांना नाही. मुदतीआधी सभागृह बरखास्त करण्याची वाट आहे, पण अरुंद: न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात अविश्वास प्रस्ताव मंजूर व्हायला हवा आणि त्यानंतर आठ दिवसांत सभागृहाला कुठल्याच सरकारवर विश्वास दाखवता येऊ नये. याला अपवाद एकच राज्य, टास्मानिया. तिथे ठरलेली तारीख नाही, मुख्यमंत्री राज्यपालांकडे जाऊन निवडणूक मागू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मतदान नेहमी शनिवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. आणि सक्तीचं. नाही गेलात तर घरी नोटीस येते, पटण्यासारखं कारण दिलं नाही तर दंड. देशाच्या निवडणुकीत तो २० डॉलर आहे, न्यू साउथ वेल्सच्या निवडणुकीत ५५. सक्तीची सुरुवात क्वीन्सलँडने १९१५ मध्ये केली, देशपातळीवर ती १९२४ मध्ये आली. त्यामुळे मतदान नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं आणि "मतदारांना घराबाहेर काढणे" या कामावर पक्षांची शक्ती खर्च होत नाही. गाड्या भरून माणसं आणणं नाही. ज्याला राजकारणाचा कंटाळा आहे तोही येणारच आहे, मग त्याला पटेल असं बोलावं लागतं. इथले नेते इतके मिळमिळीत का बोलतात, याचं निम्मं उत्तर मला यात दिसतं.

माझं पहिलं मतदान जवळच्या प्राथमिक शाळेत झालं. टेबलापलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि तिसरा प्रश्न: "या निवडणुकीत तुम्ही आधी कुठे मत दिलं आहे का?" नाही म्हटलं. झालं. ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. मत द्यायला यंत्रही नाही. पुठ्ठ्याचा आडोसा, त्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. बाहेर शाळेच्या पालकांनी शेगडी लावून पावात सॉसेज घालून विकायला ठेवलेले. त्यातून शाळेला चार पैसे मिळतात, आणि हा प्रकार इतका रुजला आहे की मतदानापेक्षा लोक त्या रांगेबद्दल जास्त बोलतात. शाकाहारी माणसाची भिस्त केकच्या टेबलावर.

आता खरा गुंता, म्हणजे मतपत्रिका. आपल्याकडे एका नावापुढचं बटण दाबलं की काम संपलं. इथे प्रत्येक उमेदवाराच्या चौकटीत क्रमांक लिहायचा: सगळ्यात आवडता १, त्यानंतरचा २, असं करत शेवटपर्यंत. व्हिक्टोरियात सगळ्या चौकटी भरल्या नाहीत तर मत बाद. न्यू साउथ वेल्समध्ये नुसता १ लिहिला तरी चालतो.

मोजणी अशी होते. समजा शंभर मतं आहेत. अ ला पहिल्या पसंतीची ४२, ब ला ३८, क ला २०. आपल्या पद्धतीने अ निवडून आला, गुलाल उधळला. इथे कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत, म्हणून सगळ्यात मागचा क बाद होतो आणि त्याच्या २० मतपत्रिका उघडून दुसरी पसंती बघतात. त्यातल्या १५ ब कडे गेल्या, ५ अ कडे. आता अ ४७, ब ५३. ब जिंकला. पहिल्या फेरीत मागे असलेला माणूस आमदार झाला, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही, कारण निम्म्याहून जास्त लोकांना अ पेक्षा तो बरा वाटला होता.

बाबांची इथे पहिली हरकत आली. "मग मतं खायला उभं केलेल्या उमेदवाराचा उपयोग काय?" काहीच नाही. छोट्या पक्षाला दिलेलं मत वाया जात नाही, ते फिरून मोठ्यांपैकी एकाकडे येतं. म्हणूनच मतदान केंद्राबाहेर प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते एक पत्रक हातात कोंबतात: आमच्या माणसाला १ द्या आणि बाकीच्यांना या क्रमाने आकडे घाला. त्या क्रमात कोण कुणाला कितवा देतो, यावर निवडणुकीआधी खरी सौदेबाजी चालते. पत्रक पाळायची सक्ती अर्थातच नाही.

टास्मानियात याच्याही पुढची पायरी आहे. तिथे पाच मोठे मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून सात आमदार निवडले जातात. एकूण मतांचा आठवा भाग आणि वर एक मत, म्हणजे साधारण साडेबारा टक्के, हा कोटा. तो भरला की माणूस निवडून आला. त्याची जास्तीची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना. कोटा हा शब्द ऐकल्याबरोबर बाबा म्हणाले, "अगं, ही तर विधान परिषद!" बरोबर. आपल्याकडे आमदार जेव्हा राज्यसभेसाठी किंवा विधान परिषदेसाठी मत देतात, तेव्हा याच घराण्यातली पद्धत असते: पहिल्या पसंतीची मतं, कोटा, दुसऱ्या पसंतीवर कोण तरणार याची रात्रभर चर्चा. फरक इतकाच की आपल्याकडे हे गणित २८८ आमदारांपुरतं आहे, टास्मानियात ते दुधाची पिशवी आणायला निघालेला माणूसही करतो. मतपत्रिकेवर नावांचा क्रमही सगळ्यांना सारखा छापत नाहीत. वेगवेगळ्या पत्रिकांवर वेगवेगळी नावं वर येतात, म्हणजे वरच्या क्रमांकाचा फुकटचा फायदा कुणाला मिळू नये. या पद्धतीत साडेबारा टक्क्यांवर जागा मिळते, त्यामुळे ग्रीन्स हा पर्यावरणवादी पक्ष आणि अपक्ष हमखास निवडून येतात आणि एका पक्षाला बहुमत मिळणं कठीण होतं. टास्मानियाची सरकारं डळमळीत का असतात, याचं मूळ इथे आहे.

वरच्या सभागृहांबद्दल थोडक्यात सांगते. क्वीन्सलँडला ते नाहीच. तिथल्या लेबर सरकारने वरच्या सभागृहात अशी माणसं नेमली की ज्यांनी तेच सभागृह बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, आणि १९२२ मध्ये ते बंद झालं. त्यांना आत्मघाती पथक असं नाव पडलं. टास्मानियात वरच्या सभागृहाच्या दोन-तीन जागांची निवडणूक दर मे महिन्यात होते, बाकी जग काहीही करत असो. आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये एक उमेदवार पहिल्या पसंतीच्या फक्त ९८ मतांवर वरच्या सभागृहात पोचला, कारण छोट्या पक्षांनी आपापसात पसंतीची साखळी लावली होती. त्यानंतर त्या राज्याने कायदाच बदलला. आमच्या ग्रामपंचायतीच्या वॉर्डातसुद्धा ९८ मतांवर कुणी निवडून येत नसेल. सरकार कुणाचं हे मात्र सगळीकडे खालचं सभागृहच ठरवतं.

निवडणूक जवळ आली की सभागृहाची मुदत संपते आणि सरकार काळजीवाहू होतं. मोठे करार, मोठ्या नेमणुका, नवी धोरणं थांबवायची, टाळता येण्यासारखं नसेल तर विरोधी पक्षाला विचारून करायची. आपल्या आचारसंहितेसारखंच, पण यामागे आयोगाचा बडगा नाही, ती परंपरा आहे. कुणी मोडली तर वर्तमानपत्रं आणि विरोधक फाडून खातात, इतकंच. राज्यांच्या निवडणुका घ्यायला प्रत्येक राज्याचा स्वतःचा निवडणूक आयोग आहे. देशाचा आयोग त्यात पडत नाही.

निकाल स्पष्ट असला की सत्तांतर इतक्या झटपट होतं की आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. २६ ऑक्टोबर २०२४, शनिवार: क्वीन्सलँडमध्ये मतदान. सोमवारी डेव्हिड क्रिसाफुली यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. २०२२ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात पीटर मालिनाउस्कास यांचंही तेच, शनिवारी जिंकले आणि सोमवारी शपथ. मैदान नाही, मंडप नाही, राज्यपालांच्या बंगल्यात एका खोलीत कागदावर सह्या. आधी दोन-तीन मंत्र्यांनी काम सुरू करायचं आणि पूर्ण मंत्रिमंडळ नंतर सावकाश. न्यू साउथ वेल्सला २०२३ मध्ये लेबरचे क्रिस मिन्स ९३ पैकी ४५ जागांवर थांबले, बहुमताला ४७ लागतात, तरी त्याच रात्री समोरच्या मुख्यमंत्र्यांनी हार मान्य करून त्यांचं अभिनंदन केलं. दोन जागा कमी आहेत, बघू कोण हाताला लागतं, असा विचारही झाला नाही. मिन्स यांनी अल्पमतातलं सरकार चालवायला घेतलं.

लाटा इथेही येतात, आणि ओसरतातही. २०१२ मध्ये क्वीन्सलँडच्या ८९ जागांपैकी ७८ एकट्या उजव्या पक्षाला मिळाल्या, लेबरकडे उरल्या ७. पुढच्याच निवडणुकीत, २०१५ मध्ये, सरकार गेलं आणि मुख्यमंत्री कॅम्पबेल न्यूमन स्वतःच्या मतदारसंघात पडले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०२१ ला मार्क मॅकगोवन यांच्या लेबरला ५९ पैकी ५३. त्या वेळी लिबरल पक्षाच्या नेत्याने मतदानाच्या दोन आठवडे आधीच सांगून टाकलं होतं की आपण जिंकणार नाही. पक्षाला दोन जागा मिळाल्या आणि विरोधी पक्षनेतेपदही चार जागांच्या नॅशनलकडे गेलं.

मतदारांना न विचारताही मुख्यमंत्री बदलतो. तो पक्षाच्या आमदारांनी बंद खोलीत निवडलेला नेता असतो आणि त्याच खोलीत तो काढता येतो. न्यू साउथ वेल्समध्ये २०११ ते २०२३ या बारा वर्षांत सत्ता एकाच आघाडीकडे होती, मुख्यमंत्री चार झाले. त्यातला पहिला, बॅरी ओफॅरेल, वाइनच्या एका बाटलीमुळे गेला. राज्याच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगासमोर त्यांनी शपथेवर सांगितलं की १९५९ सालची ती महागडी बाटली आपल्याला कुणी भेट दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी आयोगाच्या हाती आली. विसरलो होतो, म्हणाले, आणि त्याच दिवशी राजीनामा जाहीर केला. २०२१ मध्ये तिसऱ्या मुख्यमंत्री ग्लॅडिस बेरेजिक्लियन यांनीही, त्याच आयोगाने आपली चौकशी सुरू असल्याचं जाहीर केल्यावर, पद सोडलं. २०२३ हे एकच वर्ष घेतलं तरी, कोविडमध्ये ज्यांचे चेहरे रोज दुपारी टीव्हीवर दिसायचे ते तिघं, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे मॅकगोवन, व्हिक्टोरियाचे डॅनियल अँड्र्यूज आणि क्वीन्सलँडच्या अ‍ॅनास्टेशिया पॅलाशे, तिन्ही मुदतीच्या मध्येच निघून गेले. व्हिक्टोरियात जॅसिंटा ॲलन मुख्यमंत्री झाल्या. आम्ही कुणीही त्यासाठी मत दिलं नव्हतं आणि त्यावर कुणाची तक्रारही नव्हती.

या खोलीतल्या राजकारणाचा सगळ्यात रंगतदार प्रसंग १९८७ चा. क्वीन्सलँडवर जो ब्येल्की-पीटरसन १९६८ पासून राज्य करत होते. पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी सुरू झाली, पक्षातून कुरबुर वाढली, तेव्हा त्यांनी आपल्याच काही मंत्र्यांना काढायचं ठरवलं. राज्यपाल सर वॉल्टर कॅम्पबेल यांनी सगळं मंत्रिमंडळ एका फटक्यात बदलून द्यायला नकार दिला. मग तीन मंत्री काढले गेले. त्यातल्याच माइक अहर्न यांना पक्षाने २६ नोव्हेंबरला नवा नेता म्हणून निवडलं. आता एका राज्यात दोन माणसं: एक पक्षाचा नेता, दुसरा मुख्यमंत्री, आणि दुसरा खुर्ची सोडायला तयार नाही. राज्यपालांवर दबाव, याला बडतर्फ करा. त्यांनी केलं नाही. हा राजकीय तिढा आहे, राजकारण्यांनी सोडवावा, अशी भूमिका घेऊन ते थांबले. १ डिसेंबरला ब्येल्की-पीटरसन यांनी स्वतःच राजीनामा दिला. बाबांना राज्यपालांचं हे नुसतं थांबणं फार आवडलं. "एवढा धीर?" म्हणाले.

आता टास्मानियाकडे येते. रॉकलिफ यांच्या लिबरल पक्षाकडे २०२४ पासून ३५ पैकी १४ जागा होत्या. एका छोट्या पक्षाचे तिघं आणि अपक्ष यांच्या आधारावर ते चाललं होतं. अशा आधाराचा इथला करार मोजका असतो: आम्ही अविश्वास प्रस्तावात तुमच्या विरोधात जाणार नाही आणि खर्चाची बिलं पाडणार नाही. बाकी प्रत्येक विधेयकावर आम्ही मोकळे. मंत्रिपद मागायचंच असं नाही. पुढे तो छोटा पक्षच फुटला आणि आधार विरळ झाला. त्यात राज्याचं कर्ज वाढलेलं, आणि एक फजिती: मुख्य भूमीला जोडणाऱ्या नव्या फेरीबोटी फिनलंडमध्ये बांधून घेतल्या, पण त्या लागतील असा धक्का इकडे तयार नव्हता, म्हणून एक जहाज स्कॉटलंडच्या बंदरात नेऊन उभं केलं. एवढ्यावर लेबरचे नेते डीन विंटर यांनी अविश्वास प्रस्ताव आणला आणि तो एका मताने मंजूर झाला.

सरळ पुढची पायरी म्हणजे विंटर यांनी सरकार बनवणं. लेबरचे १०, ग्रीन्सचे ५, वर आणखी तिघं, झाले १८. पण विंटर ग्रीन्सशी समझोता करायला तयार नव्हते. म्हणजे सरकार पाडायचं होतं, चालवायचं नव्हतं. रॉकलिफ यांनी राजीनामा न देता राज्यपाल बार्बरा बेकर यांच्याकडे निवडणूक मागितली. त्याआधी सभागृहाने पुन्हा भरून खर्चाचं तात्पुरतं बिल मंजूर करून घेतलं, कारण नाहीतर नर्सेस आणि शिक्षकांचे पगार थांबले असते. ज्यांनी आदल्या आठवड्यात सरकार पाडलं, त्यांनीच हे बिल पास केलं. दुसरं सरकार बनण्याची शक्यता दिसत नाही, असं बघून राज्यपालांनी निवडणूक मान्य केली. १९ जुलैला मतदान झालं. आधीची निवडणूक मार्च २०२४ मध्ये, त्याआधीची २०२१ मध्ये.

निकाल? लिबरल १४, लेबर १०, ग्रीन्स ५, अपक्ष ५, आणि शिकारी-कोळी-शेतकऱ्यांच्या पक्षाचा १. दोन्ही मोठे पक्ष जिथे होते तिथेच. "एवढा खर्च करून?" बाबा हळहळले.

पुढे जे झालं ते माझ्या मते या सगळ्यातलं शिकण्यासारखं आहे. बहुमत कुणाकडेच नाही, तेव्हा राज्यपालांनी कुणाला बोलवायचं? मोठ्या पक्षाला, मोठ्या आघाडीला, की आधी पत्र घेऊन येणाऱ्याला? आपल्याकडे यावर रात्री जागवल्या गेल्या आहेत आणि पहाटे शपथविधी झाले आहेत. इथल्या परंपरेचं उत्तर साधं आहे: कोणालाच बोलवायचं नाही. आधीचा मुख्यमंत्री निवडणुकीत पदावरून जात नाही. तो राजीनामा देत नाही तोवर तोच मुख्यमंत्री, आणि सभागृहासमोर जाऊन आपलं बळ अजमावण्याचा पहिला हक्क त्याचा. राज्यपालांनी डोकी मोजायची नाहीत, सभागृहाने मोजायची.

याचा एक विचित्र दाखला टास्मानियातच आहे. २०१० मध्ये, सभागृह २५ जणांचं होतं तेव्हा, लिबरल १०, लेबर १०, ग्रीन्स ५ असा निकाल लागला. लेबरचे मुख्यमंत्री डेव्हिड बार्टलेट यांनी प्रचारात शब्द दिला होता की लिबरलना जास्त मतं पडली तर मी बाजूला होईन. लिबरलना जास्त मतं पडली, बार्टलेट खरंच बाजूला व्हायला निघाले. पण राज्यपाल पीटर अंडरवुड म्हणाले, नाही, सभागृहाला सामोरं जाणं हे तुमचं कर्तव्य आहे. त्यांनी बार्टलेट यांनाच पुन्हा नेमलं, ग्रीन्सनी साथ दिली आणि सरकार टिकलं. सोडायला तयार असलेल्या माणसाला राज्यपालांनी खुर्चीत बसवलं, ही गोष्ट सांगलीत कुणाला खरी वाटणार नाही.

तर २०२५ मध्येही तसंच. राज्यपालांनी ऑगस्टमध्ये रॉकलिफ यांची पुन्हा नेमणूक केली. १९ ऑगस्टला सभागृह भरलं आणि पहिल्याच दिवशी विंटर यांनी अविश्वास प्रस्ताव मांडला. ग्रीन्सनी साथ दिली नाही, प्रस्ताव सहज पडला. लगेच लेबरच्या आमदारांनी आपला नेता बदलला. अडीच महिन्यांत एक सरकार पडलं, एक निवडणूक झाली, तेच सरकार परत आलं आणि नोकरी गेली ती विरोधी पक्षनेत्याची.

अपक्षांच्या हातात किल्ली आली की ते काय करतात, तेही पाहण्यासारखं असतं. व्हिक्टोरियात १९९९ मध्ये लिबरल मुख्यमंत्री जेफ केनेट सहज जिंकणार असं सगळे धरून चालले होते. निकाल लागला तेव्हा त्यांच्या आघाडीकडे ४३, लेबरकडे ४१, अपक्ष ३. एका जागेवर मतदानाच्या दिवशीच आमदार वारल्यामुळे तिथे निवडणूक पुढे गेली. ती लेबरने जिंकली, झाले ४२. तिघा अपक्षांनी आपल्या मागण्यांची सनद लिहून दोन्ही पक्षांपुढे ठेवली, त्यात कारभारातली पारदर्शकता आणि ग्रामीण भागाकडे लक्ष हे मुख्य. सगळं उघडपणे. शेवटी त्यांनी लेबरला पाठिंबा दिला आणि स्टीव्ह ब्रॅक्स मुख्यमंत्री झाले. साउथ ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये तर राज्यभरातल्या पसंतीची मतं धरून ५३ टक्के लोकांचा कौल लिबरलकडे होता, पण जागा २२, लेबर २३, एका अपक्षाने लेबरचा हात धरला आणि सरकार टिकलं.

मग बाबांचा राहिलेला प्रश्न: राज्यपाल इतके शहाणे कसे? मला वाटतं त्याचं उत्तर शहाणपणापेक्षा नेमणुकीत आहे. इथला राज्यपाल कागदोपत्री ब्रिटनच्या राजाचा प्रतिनिधी, पण त्याची नेमणूक राज्याच्याच मुख्यमंत्र्याच्या शिफारशीवर होते. १९८६ च्या ऑस्ट्रेलिया कायद्यांनी ते पक्कं झालं. कॅनबेराच्या पंतप्रधानांचा त्यात काही संबंध नाही. दिल्लीला अहवाल पाठवण्याची सोय नाही, आणि राष्ट्रपती राजवट ही कल्पनाच नाही. राज्यपाल कधी चिडलेच नाहीत असं नाही. १९३२ मध्ये न्यू साउथ वेल्सचे राज्यपाल सर फिलिप गेम यांनी मुख्यमंत्री जॅक लँग यांना बडतर्फ केलं होतं. मंदीच्या काळात केंद्राच्या वसुलीला आडवं जाण्यासाठी लँग यांनी अधिकाऱ्यांना दिलेले आदेश बेकायदा आहेत, असं राज्यपालांचं म्हणणं होतं. लगेच निवडणूक झाली आणि लँग हरले. आज नव्वदहून जास्त वर्षांनीही तो प्रसंग अपवाद म्हणूनच सांगतात.

"आणि पक्षांतरबंदी?"

नाही. असा कायदाच नाही. आमदाराने पक्ष सोडला तरी जागा त्याचीच राहते, तो अपक्ष म्हणून बसतो. लेबर पक्षात पक्षाच्या विरोधात मत दिलं तर हकालपट्टी होते, पण आमदारकी जात नाही. बाबा हसले. "कायदा नाही, तरी फुटत नाहीत. आमच्याकडे कायदा आहे म्हणून तिसरा हिस्सा की दोन तृतीयांश याचा हिशेब करून फुटतात. मग पैशाचं काय? खोके नसतातच म्हणायचे का?"

असतात, म्हटलं. निदान एकदा तरी होते, तेही टास्मानियातच. १९८९. लिबरल मुख्यमंत्री रॉबिन ग्रे यांना ३५ पैकी १७ जागा, लेबरला १३, पर्यावरणवादी अपक्षांना ५. लेबर आणि पर्यावरणवादी एकत्र येऊन सरकार बनवणार हे दिसायला लागलं. एडमंड राउस नावाचे एक बडे उद्योगपती होते, वर्तमानपत्र आणि टीव्ही कंपनीचे अध्यक्ष. त्यांनी लेबरचे नवे आमदार जिम कॉक्स यांनी बाजू बदलावी म्हणून १ लाख १० हजार डॉलर देऊ केले. एक मत इकडून तिकडे गेलं असतं, तर ग्रे तरले असते.

"घेतले?"

कॉक्स यांनी पोलिसांना कळवलं. ग्रे यांचं सरकार सभागृहात अविश्वास प्रस्तावावर पडलं, लेबरचे मायकेल फील्ड मुख्यमंत्री झाले, राउस यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

फोनवर थोडा वेळ शांतता. मग बाबांनी विचारलं, "आणि त्या कॉक्सचं पुढे काय झालं?"

१९९२ ला सभागृहाबाहेर गेले, म्हटलं. १९९६ ला परत निवडून आले आणि २०१० पर्यंत होते.